हळदीआडची कावीळ

शमीमआपाचं नाव आधी लिहिते. ती नसती तर हे लिहायला मी राहिले नसते आणि आता माझ्यासमोर बसून खडू खाऊ की नको असा विचार करणारी माझी लेकही नसती. आपा माझी नात्याची नाही, गावची नाही, जातीधर्माची तर नाहीच. जालन्यात आम्ही भाड्यानं राहायचो तिथं तिची खोली माझ्या खोलीला लागून होती. मधे एक भिंत, आणि बाहेर दोघींचे पाण्याचे ड्रम शेजारी शेजारी. ती एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात बी निवडायला जायची. मी मसाला कांडपावर होते, अजूनही तिथंच आहे.

या अंकाच्या संपादकबाई आमच्याकडे मसाला करायला येतात. त्या म्हणाल्या, "मंदा, तुझ्या कामाबद्दल लिही."

मी म्हटलं, "ताई, मी सातवीत शाळा सोडलेली."

"मग सातवीपर्यंतचं मराठी लिही. फक्त रडगाणं नको, कामाचं लिही."

आता कामाचं लिहायचं तर भीतीचं येणारच. मी मुळातच घाबरट. उखळात हात जाईल का, मोटर जळेल का, एकीची हळद दुसरीच्या डब्यात गेली तर काय, हेच दिवसभर डोक्यात. माहेर-सासर दोन्ही तिकडं गोंदिया जिल्ह्यात, धानाच्या मुलखात. लग्न झाल्यावर आमचे हे ठेकेदाराबरोबर इथं सळईच्या मिलमध्ये कामाला आले आणि मागून मी आले. इथं आजारी पडले तर कोण बघेल, ही माझी सगळ्यात मोठी भीती. पुढचं सगळं तिच्यातूनच झालं.

आधी काम सांगते. कांडप म्हणजे पिठाची गिरणी नव्हे. गिरणीत दगड फिरतात. आमच्याकडे लोखंडी मुसळं मोटरवर वरखाली होतात आणि खालच्या उखळात माल कुटला जातो. मिरचीची उखळं वेगळी, हळदीची वेगळी. हळद सगळ्यात हट्टी. उकडून वाळवलेलं हळकुंड दगडासारखं असतं. ते आधी फोडायचं, मग कुटायचं, चाळायचं, चाळणीवर राहिलेलं पुन्हा उखळात टाकायचं. घाई केली तर पूड तापते आणि तिचा वास उडतो. गिऱ्हाईक माल टाकून निघून जात नाही, समोर पोतं अंथरून बसतं. आमच्यावर विश्वास नाही असं नाही, पण आपलीच हळद आपल्या डब्यात गेलेली डोळ्यानं बघितल्याशिवाय बाईला घरी जाववत नाही.

आणि ती हळद अंगाला बसते. नखात, कोपरात, मानेच्या घडीत, केसांच्या मुळाशी. पहिल्या दिवशी मी घरी येऊन साबण लावला तर हातावरचा सगळा पिवळा रंग लाल झाला. मला वाटलं रक्तच आलं. मी ओरडले तशी शमीमआपा धावत आली, हात बघितला आणि तिथंच ड्रमला टेकून हसत बसली. "अगं वेडे, हळदीला साबण लागला की असंच होतं. खून न्हाई तो. कुठनं आली गं तू?"

तीच आमची ओळख.

त्या दिवसापासून मी पिवळीच. हे मिलमधून काळे होऊन यायचे, मी कांडपावरून पिवळी होऊन. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "ह्या मंदाची हळद अजून उतरंना. किती वर्षं नवरी राहतीस बाई?" रिक्षावालेसुद्धा बायकांना पत्ता सांगायचे, "त्या पिवळ्या बायकांच्या कांडपावर उतरा." मला त्याचा अभिमानच वाटायचा. परक्या गावात कशानं तरी ओळख पटते हे थोडं नाही.

हळदीचं गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचं. एकदा हसनाबादकडची लग्नाची मंडळी टेम्पो भरून आली. लग्नाची हळद पाच सवाशिणींनी उखळात हात लावून फोडायची असते. आमच्या उखळात हात लावला तर हातच जायचा. वरमाय काही ऐकेना. शेवटी आमच्या मालकीण गयाकाकूंनी तोड काढली. मोटरला आंब्याचा डहाळा बांधला, बटणाला कुंकू लावलं आणि पाच सवाशिणींनी एकेक करून बटण दाबायचं ठरलं. एकीनं दाबलं की बंद, मग दुसरीनं. चौथीला मोटर कण्हायला लागली. काकू ओरडल्या, "अगं जल्दी करा, तुमचं लगीन लागंल अन माझी मोटर जळंल!" पाचवी सवाशीण हसताहसता खालीच बसली. माझा मात्र जीव मोटरीत. सगळे हसत होते आणि मी जळका वास येतोय का म्हणून नाक वर करून उभी.

दुसरे वाटूरचे बापूराव. कोरोनाच्या नंतर आमच्याकडे जी गर्दी झाली तिच्यातलेच ते. आधी लोक हळद भाजीसाठी न्यायचे, आता औषधासाठी न्यायला लागले. मोबाईलवर कोणी काही पाठवलेलं असायचं, तेवढं दाखवून म्हणायचे, ह्या मापानं करून द्या. बापूराव एसटीनं यायचे, पिशवीत निवडलेली हळकुंडं, काळी मिरी आणि सुंठ घेऊन. पूड मैद्यासारखी पाहिजे, तीनदा चाळलेली.

"प्रतिकारशक्ती, बाई, प्रतिकारशक्ती," म्हणायचे. "हळद नुसती पोटात जाऊन उपयोग न्हाई, मिरीसंगं गेली पाहिजे, म्हंजे ती रक्तात बसती. मी सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा घेऊन राह्यलो. बघा कसा हाय."

होते खरे तुकतुकीत. काकू त्यांना म्हणायच्या, "बापूराव, तुम्ही चमचा घेता. आम्ही तर हळदीतच लोळून राह्यलो. आम्हाला काय धाड भरणार?" आम्ही बायका हसायचो. पण मी ते हसण्यावारी नेलं नाही. मनात धरलं.

लग्नानंतर बरीच वर्षं मला मूल नव्हतं. दिवस राहिले तेव्हा आनंदाच्या आधी भीती आली. आई लांब, सासू लांब, हे मिलच्या पाळीला. गर्दीत रोज शंभर माणसं खोकत समोर बसणार. मला काही झालं तर बाळाचं काय? मग मी बापूरावांची पूड चालू केली. सकाळी कोमट पाण्यात, संध्याकाळी दुधात, आणि दुपारी चुकल्यासारखं वाटलं तर तेव्हाही. घसा जळायचा. जळतंय म्हणजे काम करतंय असं वाटायचं. कोणाला विचारलं नाही. हळदीसाठी कोणाला काय विचारायचं? स्वयंपाकघरातलीच वस्तू.

सहावा महिना सरत आला तसं अंगातलं बळ गेलं. जेवण समोर आलं की मळमळायचं. बायका म्हणाल्या, पोटुशीला असं होतं. अंगाला खाज यायला लागली. म्हटलं, हळदीची धूळ. लघवी गडद पिवळी व्हायला लागली. म्हटलं, एवढी हळद पोटात जाते, तीच उतरत असेल. आणि अंग पिवळं? ते तर पिवळंच होतं. प्रत्येक गोष्टीला माझ्याजवळ उत्तर तयार होतं. थकवा वाढला तशी मी पूड वाढवली, शक्ती कमी पडते म्हणून.

त्याच आठवड्यात आमची मोटर खरंच जळाली. कांडप बंद. मी घरी. रोज अंग घासून हातांचा रंग फिका व्हायला लागला. एका सकाळी दारात उन्हात बसले होते. आपाची त्या दिवशी सुट्टी होती. ती ड्रममधलं पाणी काढायला आली, माझ्याकडं बघत तशीच थांबली, हातातली बादली खाली ठेवली आणि माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडं वळवलं.

"मंदा, कांडप बंद हाय ना?"

"हो."

"मंग डोळे काहून पिवळे?"

"हळद गेली असेल आपा, डोळ्यात."

"हळद डोळ्यात गेली तर डोळा लाल होतो गं, चुरचुरतो. पिवळा न्हाई होत. वर बघ. खाली बघ." तिनं बोटानं पापणी ओढून बघितली.

"चल."

"कुठं?"

"दवाखान्यात, अजून कुठं! चप्पल घाल."

मी रडायला लागले. हे आल्यावर जाऊ म्हटलं. गयाकाकू समोरच्या बोळात राहतात, त्याही आल्या, म्हणाल्या, "शमीम, काहून घाबरवतीस पोरीला? कांडपावरच्या बाया पिवळ्याच असतात. मी बघ की."

आपानं काकूंचीही हनुवटी तशीच धरली. काकूंचे डोळे पांढरे स्वच्छ. "हे बघ," ती मला म्हणाली, "ही पिवळी हाय, तिचा डोळा पांढरा. तुझा बघ आरशात." काकूंनी माझ्याकडं नीट बघितलं आणि रिक्षा बघायला पळाल्या.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर काही विचारायच्या आतच मी सांगायला लागले, "साहेब, मी हळदीत काम करते, म्हणून असं दिसतं, बाकी काही नाही." माझी अशी इच्छा होती की त्यांनी हो म्हणावं आणि घरी पाठवावं. आपा मागून म्हणाली, "साहेब, हिचं बिलकुल ऐकू नका, डोळे बघा." त्यांनी बघितले आणि तिथंच खुर्चीवरून उठले. कितवा महिना, पाणी कुठलं पिता, काय काय खाता, औषध काय घेता, सगळं विचारलं. मी पुडीचं सांगितलं. किती वेळा ते सांगताना लाज वाटली.

रक्त तपासल्यावर कळलं, कावीळ होती, घाण पाण्यातून आलेली. आमच्या भागात नळाला पाणी कधीतरीच येतं. आलं की ड्रम भरायचे, मग तेच पुरवायचं, नाही पुरलं तर टँकर. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हळदीनं कावीळ झाली नाही, पण कावीळ असताना लिव्हर आधीच थकलेलं असतं, त्यात ही असली चमचे चमचे पूड मिरीसकट ओतायची नसते. कोणाकोणाला तर तेवढ्यानंच लिव्हरला त्रास होतो. भाजीत, दुधात चिमूटभर घालतो ती वेगळी, आणि ही वेगळी. एवढं मला सांगून त्यांनी आपाला बाजूला नेलं. पण मला ऐकू येत होतं. गरोदरपणातली ही कावीळ वाईट असते, म्हणाले. आईच्याही जिवावर बेततं, बाळाच्याही. ती डोक्यात चढली तर माणूस असंबद्ध बोलायला लागतं, झोपेत गेल्यासारखं होतं. "हिच्याशी बोलत राहा. काही वेड्यासारखं बोलली तर ताबडतोब सिस्टरना हाक मारा."

मग आपा खाटेजवळ स्टूल घेऊन बसली. हे मिलमधून तसेच आले, काळ्या हातांनी, आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. औषधं आणणं, तपासायच्या रक्ताच्या बाटल्या पोचवणं एवढंच ते धावून धावून करत होते. बोलायचं काम आपाकडं. ती बिचारी कामावर खाडा करून रोज येऊन बसायची. हंगामाचे दिवस होते, मुकादम फोनवर ओरडत होता, ती म्हणायची, "हां हां, आले," आणि फोन ठेवून माझ्याकडं वळायची.

पण बोलणार काय? कांडप, बियाणं, गल्ली, सगळं बोलून झालं. मग एका दुपारी ती म्हणाली, "तुझ्या गावाचं सांग."

मी सांगायला लागले. आमच्याकडे पाऊस झाला की शेतात पाणी धरून ठेवतात, बांध घालून. त्या तुकड्याला बांधी म्हणतात. गुडघाभर चिखल, त्यात धान लावायचं. तलाव भरून वाहायला लागला की पाणी बांध्यांमधून जातं. आणि त्या पाण्याबरोबर मासे येतात. आम्ही पोरी शेतात मासे धरायचो.

आपाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"कुठं धरायच्या?"

"शेतात."

"नदीत म्हण."

"नाही आपा, शेतातच. धानाच्या बुडाशी असतात. टोपलीनं धरतो आम्ही."

ती ताडकन उठली आणि वॉर्डाच्या दाराकडं पळाली. "सिस्टर! ओ सिस्टर! जल्दी या! ही बडबडायली! शेतात मासे म्हणती!"

सिस्टर धावत आल्या. त्याही इकडच्याच. त्यांनीही माझ्याकडं तसंच बघितलं. माझं नाव विचारलं, नवऱ्याचं विचारलं, आज वार कोणता विचारला. मी सगळं बरोबर सांगितलं, पण त्या दोघी माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होत्या त्यानं माझाच माझ्यावरचा भरवसा गेला. मला खरंच वाटायला लागलं की शेतात मासे कसे असतील? कावीळ डोक्यात चढली तर नाही ना? आपण वेडे झालो हे वेड्याला कळतं का? पोटातलं बाळ हलतंय का ते मी हात लावून बघायला लागले.

हे त्या वेळी औषधाला गेलेले. आपानं माझ्या मोबाईलवरून माझ्या आईला फोन लावला. मोठ्यानं लावला, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा.

"मंदाची माय का? मी शमीम, जालन्याहून. बाई, एक खरं सांग. तुमच्याकडं शेतात मासे असतात काय?"

तिकडून आईचा आवाज आला. तिला आम्ही कावीळ झाली एवढंच कळवलं होतं, बाकी काही नाही. "हो जी, रायतेत ना. काऊन जी?"

"शेतात? जमिनीत?"

"बांधीत जी, बांधीतल्या पान्यात. मंदाले लय आवडतेत. काय झालं, खाव वाटून रायले का तिले?"

आपा फोन हातात धरून स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी हसत होते, सिस्टर हसत होत्या, शेजारच्या खाटेवरची बाई हसत होती, आणि फोनमधून आई विचारत होती, "का झालं वो? कोनी बोला ना!"

त्यानंतर आपानं रीतच करून टाकली. मी काही नवीन सांगितलं की ती लगेच आईला फोन लावून खात्री करायची. शिंगाडे तलावात उगवतात हे खरं का? घराच्या परसात पाणी येतं हे खरं का? आईला वाटलं ही बाई गोंदियाला जमीन घ्यायची म्हणून चौकशी करते आहे. पण त्या प्रश्नांमुळे मी रोज डोकं ताजं ठेवून उत्तरं द्यायचे, आणि बरोबर निघालं की मला धीर यायचा. आजचा दिवस गेला. मी अजून मी आहे.

पिवळेपणा उतरायला बराच काळ गेला. लेक दिवस भरायच्या आधीच आली, एवढीशी. डॉक्टर म्हणाले, थोडं उशिरा आणलं असतं तर दोघींचंही सांगता आलं नसतं. पहिल्यांदा तिचे डोळे उघडले तेव्हा मी आणि आपा दोघी एकदम वाकून रंग बघायला लागलो. सिस्टर ओरडल्या, "अहो, तिला श्वास तरी घेऊ द्या!"

आता मी पुन्हा कांडपावर आहे. पाणी उकळून गार करून बाटलीत नेते, काकूही नेतात. आमच्यात आता एक रीत पडली आहे. सकाळी मोटर चालू करायच्या आधी, हळद अंगावर बसायच्या आधी, आम्ही बायका उजेडात उभ्या राहून एकमेकींचे डोळे बघतो. नवीन आलेली बाई बावरते. तिला वाटतं, भांडण आहे की काय.

बापूराव पुढच्या खेपेला आले तेव्हा मी त्यांची पिशवी उघडायच्या आधीच सगळं सांगितलं. ते चिडले. "म्हंजे आता हळद वाईट? आमच्या आज्यापणज्यानं खाल्ली ती?"

मी म्हटलं, "बापूराव, हळद वाईट कशी म्हणीन, तिच्यावर माझं पोट आहे. आजोबा भाजीत खायचे. मिरीसंगं चमच्यानं रक्तात बसवत नव्हते. तुम्ही दुसरी कुठली गोळी घेता का?"

"हृदयाची हाय एक. रक्त पातळ व्हायची."

"मग आधी डॉक्टरांना विचारा. तोवर मी तीनदा चाळून देणार नाही."

ते पिशवी घेऊन रागानंच गेले. मला दिवसभर चैन पडेना. गिऱ्हाईक गेलं, काकू बोलतील, आणि मी सांगितलं ते बरोबर तरी होतं का? काही दिवसांनी परत आले. डॉक्टरनं चमचे बंद करायला सांगितले, म्हणाले, भाजीपुरती कुटून द्या. वर हेही म्हणाले, "तुमच्यामुळं माझी प्रतिकारशक्ती गेली." मी म्हटलं, जाऊ द्या, तुम्ही राहिलात.

भीती मात्र गेली नाही. लेकीच्या अंगाला हळद लागू देत नाही. तिला काही झालं तर रंग दिसला पाहिजे. सणाला बायका तिला हळद-कुंकू लावायला येतात तेव्हा मी फक्त कुंकू लावा म्हणते. त्यांना राग येतो. येऊ दे.

आपाचं काम सुटलं. गुडघे गेले, बी निवडायला खाली बसवेना. आता ती हसनाबादला मुलाकडे असते. मी जाते अधूनमधून. तिच्यासाठी काही घेऊन गेलं की ओरडते, "मी काय दुकान लावलं होतं का तुझ्या जिवाचं?" साडी परत करते, फळं माझ्याच लेकीला चारते. तिच्याकडून फक्त एकदाच काही मागून झालं, तेही मागितल्यासारखं नाही. उन्हाळ्यात दारात बसली होती, समोर शेत तडकलेलं, आणि म्हणाली, "मंदा, ते खरंच असतं काय गं? शेतात मासा? मी आयुष्यात न्हाई बघितला."

आपा, तुला वाचून दाखवायला मी हा अंक घेऊन येणार आहे, म्हणून इथंच लिहून ठेवते. धानाच्या बांध्या भरल्या की मी तुला गोंदियाला नेणार. गाडी बदलायला लागते, तिथं आमचे हे तुला उचलून घेतील, लाजायचं नाही. आईनं तुझ्यासाठी खाट काढून ठेवली आहे, तुझा फोन आला नाही तर तीच मला विचारते. मी तुला बांधावर बसवीन, पाय पाण्यात सोडायला लावीन, टोपलीनं मासा धरून जिवंत तुझ्या ओंजळीत ठेवीन, आणि मग सिस्टरना फोन लावून विचारीन, आता सांगा, बडबडत कोण होतं?